फटी हेरणारा राखणदार

१ जुलै १९६३ रोजी एका कर्जाच्या करारावर सह्या झाल्या. कर्ज घेणारी कंपनी इटलीची, कर्ज उभं करून देणारी बँक लंडनची, चलन अमेरिकेचं, व्याजाची कुपनं वटणार लक्झेंबर्गमध्ये आणि रोखे खरेदीदारांच्या हाती पडणार ते हॉलंडमध्ये, ॲमस्टरडॅमच्या शिफोल विमानतळावर. रक्कम दीड कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या पावणेपाच रुपयांच्या भावानं सात कोटींच्या आसपास. एवढ्या पैशानं तेव्हाही कुठलं सिंहासन हललं नसतं. पण लंडन आज जगाच्या पैशाची जी पेठ आहे, तिच्या नव्या पर्वाची सुरुवात बरेच जण या व्यवहारापासून धरतात.

ही सगळी जुळवाजुळव केली इयन फ्रेझर नावाच्या एकोणचाळीस वर्षांच्या गृहस्थांनी आणि त्यांचे तरुण सहकारी पीटर स्पायरा यांनी. स्पायरा पेशानं हिशेबतपासनीस. फ्रेझर यांच्याकडे मात्र हिशेबाची पदवी नव्हती, बँकेचं रीतसर शिक्षणही नव्हतं. त्यांच्या नावापुढे अक्षरं होती ती वेगळीच : एम.सी. – मिलिटरी क्रॉस.

ब्रिटिश सैन्यात हे पदक डिसेंबर १९१४ मध्ये सुरू झालं. शत्रूसमोर शौर्य गाजवणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्यांसाठी ते होतं : रुपेरी क्रूस, वर पांढरी फीत आणि तिच्या मधोमध जांभळा पट्टा. आपल्याकडे हे पदक लोकांना ठाऊक आहे ते सॅम माणेकशा यांच्यामुळे. १९४२ मध्ये ब्रह्मदेशात सितांगच्या लढाईत पोटात गोळ्या घुसल्या असताना त्यांना मिळालं ते हेच.

सैन्यातून बँकेत गेलेल्या माणसाची हकिगत सांगताना एक मोह हमखास होतो. शिस्त, धैर्य, नेतृत्व वगैरे शब्द ओळीनं मांडायचे आणि त्यांच्या जोरावर तो माणूस पुढे गेला असं सांगून मोकळं व्हायचं. फ्रेझर या साच्यात बसत नाहीत. त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम शिस्तीनं नियम पाळण्याचं नव्हतंच. पाच-सहा देशांच्या नियमांमध्ये कुठे फट आहे ते हेरून तिच्यातून एक अवजड कर्ज अलगद पलीकडे नेण्याचं होतं. आणि त्यानंतर जेमतेम सहा वर्षांत याच माणसाला लंडनच्या वित्तबाजारानं बोलावून घेतलं, ते इतरांनी शोधलेल्या फटी बुजवण्यासाठी.

फ्रेझर यांचा जन्म १९२३चा, घराणं स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातलं. लॉव्हॅटचे फ्रेझर म्हणून ओळखलं जाणारं हे कुळ बंडखोरीसाठी प्रसिद्ध. याच कुळाचा म्होरक्या सायमन फ्रेझर याचं १७४७ मध्ये लंडनच्या टॉवर हिलवर डोकं उडवलं गेलं. ब्रिटनमध्ये अशा रीतीनं शिरच्छेद झालेला तो शेवटचा माणूस. इयन यांचे चुलतभाऊ लॉर्ड लॉव्हॅट म्हणजे ६ जून १९४४ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कमांडो घेऊन उतरलेले आणि गोळीबार चालू असताना बॅगपाइप वाजवायला लावणारे सेनानी. ‘द लाँगेस्ट डे’ हा चित्रपट पाहिलेल्यांना तो बॅगपाइपवाला आठवेल. अशा घरातल्या मुलानं युद्धात जाणं हे काही वेगळं पाऊल नव्हतं. कॅथलिक कुटुंब म्हणून शाळा ॲम्पलफर्थची, बेनेडिक्टाइन साधूंनी चालवलेली. कॉलेज ऑक्सफर्डचं मॉडलिन. १९४२ ते १९४५ स्कॉट्स गार्ड्स पलटणीत नोकरी, खलित्यांमध्ये नावाचा गौरवानं उल्लेख आणि मिलिटरी क्रॉस. युद्ध संपलं तेव्हा वय बावीस.

यानंतरची दहा वर्षं त्यांच्या हकिगतीत बहुतेक वेळा एका ओळीत उरकली जातात. खरं तर पदकापेक्षा मला ती महत्त्वाची वाटतात. १९४६ ते १९५६ फ्रेझर रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे बातमीदार होते आणि त्यातला बराच काळ त्यांनी जर्मनीत काढला.

तो जर्मनी कसा होता? जून १९४८ मध्ये जुन्या राइखमार्कच्या जागी नवा डॉइश मार्क आला आणि रिकामी दिसणारी दुकानं मालानं भरली. त्याच महिन्यात सोव्हिएत सैन्यानं पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली आणि पुढचे अकरा महिने शहराला कोळशापासून पिठापर्यंत सगळं विमानानं पुरवावं लागलं. १९४९ मध्ये एका देशाचे दोन देश झाले. अर्थमंत्री लुडविग एर्हार्ड यांच्या अर्थनीतीखाली पश्चिमेकडचे कारखाने धडधडू लागले. चलन म्हणजे सरकारच्या शब्दाला लोकांनी दिलेली मान्यता, आणि ती मान्यता एका रात्रीत जाऊही शकते, येऊही शकते, हे पुस्तकात न वाचता रस्त्यावर पाहायला मिळालेली ही पिढी. त्यात बातमीदाराचा धंदा असा की कुठल्या खात्यातला कोण माणूस खरं बोलतो, कुणाला कधी फोन करायचा, कुठला कागद कुणाच्या टेबलावर अडलाय, हे कळल्याशिवाय पोट भरत नाही. शिवाय फ्रेझर यांना अस्खलित जर्मन येऊ लागली. या एका गोष्टीनं त्यांचा पुढचा रस्ता ठरला.

युद्धानंतरच्या बँकांमध्ये पदकवाले कमी नव्हते, हेही इथे सांगायला हवं. पॅरिसच्या रॉथशिल्ड बँकेची धुरा वाहणारे गी द रॉथशिल्ड यांना १९४०च्या लढाईसाठी फ्रान्सचं क्र्वा द गेर हे पदक मिळालं होतं आणि १९४३ मध्ये अटलांटिकमध्ये त्यांचं जहाज पाणतीरानं बुडालं तरी ते वाचले होते. हाँगकाँग अँड शांघाय बँकेचे अध्यक्ष जेक सॉन्डर्स यांच्याकडे डी.एस.ओ. आणि एम.सी. ही दोन्ही पदकं होती. १९६५ मध्ये हाँगकाँगमधली हँग सेंग बँक ठेवीदारांच्या रांगांखाली कोलमडायला आली, तेव्हा तिचा बहुसंख्य हिस्सा सॉन्डर्स यांच्या बँकेनं घेतला. पण रॉथशिल्ड यांना बँक वारशानं मिळाली आणि सॉन्डर्स युद्धाच्या आधीपासूनच बँकेत होते. फ्रेझर बाहेरून आले, आणि आले ते लंडनच्या सगळ्यात उपऱ्या समजल्या जाणाऱ्या पेढीत.

ही पेढी म्हणजे एस. जी. वॉरबर्ग अँड कंपनी.

सिगमुंड वॉरबर्ग हे हॅम्बर्गच्या नामांकित ज्यू सावकारी घराण्यातले. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी जर्मनी सोडला आणि लंडनमध्ये छोटी व्यापारी संस्था काढली. १९४६ मध्ये तिला स्वतःचं नाव दिलं. तेव्हाच्या लंडनच्या सिटीत, म्हणजे बँका-दलालांच्या त्या एका चौरस मैलात, काम आरामात चाले. साहेब दहाच्या पुढे उगवायचे, दुपारचं जेवण लांबायचं आणि कुणाचं गिऱ्हाईक पळवायचं नाही असा अलिखित सभ्यपणा असायचा. वॉरबर्ग यांच्याकडे सकाळी आठला दिवे लागायचे. आलेल्या टपालाचा गोषवारा वरिष्ठांमध्ये फिरायचा, त्यामुळे एकाच्या गिऱ्हाइकाची माहिती सगळ्यांना असायची. दुपारी जेवणाच्या दोन पंगती उठायच्या, एकाच दुपारी दोन गिऱ्हाइकांशी बोलता यावं म्हणून. नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराचं हस्ताक्षर तज्ज्ञाकडे तपासायला जायचं. हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्यावर या कमालीच्या बुद्धिमान माणसाचा एवढा विश्वास कसा बसला, हे कोडंच आहे. कार्यालयात जर्मन कानावर पडायची, आणि इटनच्या उमरावी शाळेत शिकलेल्या शेजाऱ्यांच्या भुवया उंचावायच्या.

या घरात १९५६ मध्ये फ्रेझर आले : कॅथलिक, उमराव घराण्यातले, जर्मनांविरुद्ध लढून पदक मिळवलेले, आणि जर्मनीतून पळून आलेल्या ज्यूंच्या हाताखाली सावकारीची मुळाक्षरं गिरवायला बसलेले. लवकरच त्यांना पेढीच्या कामाचा वेग दिसला. १९५८च्या अखेरीस ब्रिटिश ॲल्युमिनियम या कंपनीवर ताबा मिळवण्यासाठी मोठी झुंज झाली. सिटीतल्या जवळपास सगळ्या प्रतिष्ठित बँका एका बाजूला, वॉरबर्ग दुसऱ्या बाजूला. वॉरबर्ग यांनी भागधारकांकडून बाजारातच समभाग उचलले आणि जानेवारी १९५९ मध्ये बाजी मारली. सिटीतल्या कित्येकांनी त्यांच्याशी नंतर बराच काळ धड बोलणं ठेवलं नाही. गिऱ्हाइकं मात्र वाढली.

आता त्या दीड कोटी डॉलरकडे वळू.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे डॉलर मदत, आयात आणि गुंतवणुकीच्या रूपानं युरोपात साठत गेले. एरवी ते न्यूयॉर्कच्या बँकांत परत जायला हवेत. पण अमेरिकी बँकांनी ठेवींवर किती व्याज द्यावं यावर ‘रेग्युलेशन क्यू’ नावाच्या नियमानं मर्यादा घातली होती. लंडनची बँक डॉलरच्या ठेवीवर थोडं जास्त व्याज द्यायला तयार होती. सोव्हिएत सरकारचं कारण वेगळं : शीतयुद्धात अमेरिका आपले डॉलर गोठवेल ही धास्ती. म्हणून साम्यवादी मॉस्कोनं आपले भांडवलशाही डॉलर लंडन आणि पॅरिसमधल्या स्वतःच्या बँकांत ठेवले. कुठलाही देश नसलेल्या या डॉलरना ‘युरोडॉलर’ म्हणू लागले. ते अल्पमुदतीच्या ठेवींत फिरत होते. हा पैसा पंधरा वर्षांच्या कर्जात गुंतवता येईल का, हा प्रश्न वॉरबर्गच्या पेढीत विचारला गेला. तोवर युरोपातल्या एखाद्या कंपनीला डॉलरमध्ये लांब मुदतीचं कर्ज हवं असलं की न्यूयॉर्कला जावं लागे. तिथल्या बँका दलाली घेत आणि रोखे शेवटी विकले जात ते बहुधा युरोपातच.

गिऱ्हाईक सापडलं इटलीत. आय.आर.आय. ही तिथल्या सरकारची अवाढव्य उद्योगसंस्था. तिला पैसा हवा होता आपल्या पोलाद कंपनीसाठी, फिनसिडरसाठी. पण फिनसिडरनं व्याज दिलं असतं तर इटलीतच त्यावर कर कापला गेला असता आणि परदेशी गुंतवणूकदार फिरकलाही नसता. आय.आर.आय.चीच दुसरी कंपनी होती ऑटोस्ट्राडे. मिलानहून नेपल्सला जाणारा सूर्यमहामार्ग तेव्हा ती बांधत होती. १९६४ मध्ये तो पुरा झाला. तिला मात्र कर न कापता व्याज देण्याची मुभा होती. म्हणून कर्ज महामार्गाच्या नावानं निघालं. गरज पोलादाची, सही रस्त्याची.

ही पहिली फट. पुढे रांगच होती.

रोखे ब्रिटनमध्ये जारी केले असते तर चार टक्के मुद्रांक शुल्क बसलं असतं. दीड कोटीवर चार टक्के म्हणजे सहा लाख डॉलर. सगळा मामला तिथेच संपला असता. म्हणून रोख्यांचं हस्तांतरण शिफोलला. पुण्या-मुंबईत फिरवायची गाडी कर वाचवायला पुदुच्चेरीत नोंदवणारे महाभाग आपल्याकडे आहेतच, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे प्रत्येक पायरीवर वकील उभा होता आणि सगळं कायद्यात बसत होतं. व्याजाचं कुपन ब्रिटनमध्ये वटवलं तर प्राप्तिकर कापला जाणार, म्हणून वटवण्याची सोय लक्झेंबर्गला. बँक ऑफ इंग्लंडचं विनिमय नियंत्रण होतं. तिथून परवानगी हवी. गव्हर्नर लॉर्ड क्रोमर यांना लंडन पुन्हा आंतरराष्ट्रीय भांडवलाची पेठ व्हावी असं वाटत होतं, त्यामुळे दार उघडं होतं. एक अट मात्र पक्की होती : हा खेळ परदेशी पैशांचा, ब्रिटिश नागरिकांचे पौंड त्यात जाता कामा नयेत. इटलीच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ग्विदो कार्ली यांचा पाठिंबा मिळाला. इतर देशांच्या अधिकाऱ्यांची समजूत घालावी लागली, ती वेगळी. बर्लिन-बॉनमध्ये खात्याखात्यांतून बातम्या काढत हिंडलेल्या माणसाला हे काम नवखं नव्हतं.

मग लंडनच्या शेअरबाजाराचा नियम आडवा आला. नोंदणी हवी तर रोखे साध्या छपाईचे चालणार नाहीत, बनावटगिरी टाळण्यासाठी कोरीव ठशांवरूनच छापलेले हवेत. हे कौशल्य तोवर जवळपास विसरलं गेलं होतं. नोटा छापणाऱ्या डी ला रू कंपनीनं निवृत्त झालेल्या दोन म्हाताऱ्या झेक कारागिरांना परत बोलावलं आणि त्यांच्याकडून ठसे कोरून घेतले. फ्रेझर यांनी आपल्या आठवणींत हा किस्सा सांगितला आहे. आधुनिक वित्तबाजाराची पहाट म्हणून ज्याचे गोडवे गायले जातात, त्या व्यवहारात दोन म्हातारे भिंग लावून धातूवर नक्षी कोरत बसले होते.

रोखे निघाले ते साठ हजार. प्रत्येकी अडीचशे डॉलरचे, म्हणजे तेव्हाचे सुमारे बाराशे रुपये. व्याज साडेपाच टक्के, मुदत १९७८ पर्यंत. वॉरबर्गच्या जोडीला डॉइश बँक, ब्रसेल्सची बँक द ब्रुसेल आणि रॉटरडॅमची रोटरडाम्से बँक होती. काटेकोर बोलायचं तर त्याच वर्षीच्या मे महिन्यात सॅम्युअल माँटेग्यू या लंडनच्याच पेढीनं बेल्जियम सरकारसाठी दोन कोटी डॉलर उभे केले होते. पण ते तीन वर्षांचं खाजगीत वाटलेलं कर्ज होतं. शेअरबाजारात नोंदलेला, लांब मुदतीचा, कुणालाही घेता येणारा असा ऑटोस्ट्राडेचा पहिलाच. युरोबाँड हे नाव या जातीच्या रोख्यांना चिकटलं. आज जो युरो चलनात आहे, त्याच्याशी या शब्दाचा काही संबंध नाही. ते चलन पस्तीसेक वर्षांनी आलं.

अडीचशे डॉलरचे बारीक रोखे का काढले? कारण ते बँकांपेक्षा माणसांना विकायचे होते. हे वाहकाचे रोखे होते : ज्याच्या हातात कागद, तो मालक. कुठल्या वहीत नाव नाही, पत्ता नाही. वर्षातून एकदा कागदाच्या कडेचं कुपन कापायचं, आगगाडीनं लक्झेंबर्गला जायचं, पैसे घ्यायचे, जेवून परत यायचं. अशा गिऱ्हाइकासाठी बाजारात एक काल्पनिक पात्रच तयार झालं – ‘बेल्जियन डेंटिस्ट’. बऱ्यापैकी कमाई असलेला, रोखीत पैसे घेणारा आणि प्राप्तिकर खात्यावर खास प्रेम नसलेला. भारत सरकारनं १९८१ मध्ये विशेष वाहक रोखे काढले होते, ते जुन्या वाचकांना आठवतील. दहा हजार भरा, दहा वर्षांनी बारा हजार घ्या, पैसा कुठून आला ते विचारणार नाही. काळ्या पैशाला गोरं करण्याचा तो सरकारी मार्ग सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि टिकला. ऑटोस्ट्राडेच्या रोख्यांमागची मंडळी अशा उघडपणे बोलत नसत, पण कुपन कापणाऱ्या डेंटिस्टला ती ओळखून होती. कर्तबगारीचं कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

नशिबानंही हात दिला. सह्या झाल्यावर सतरा दिवसांनी, १८ जुलैला, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी परदेशी रोखे घेणाऱ्या अमेरिकनांवर नवा कर जाहीर केला. डॉलर बाहेर जाऊ नयेत हा हेतू. परिणाम उलटा झाला : परदेशी कर्जदारांसाठी न्यूयॉर्क महाग पडलं आणि ते लंडनकडे वळले. तो कर १९७४ पर्यंत टिकला. तेवढ्या काळात बाजार असा फोफावला की परत फिरायचं कारण उरलं नाही. कागद इतके वाढले की १९६८ मध्ये ब्रसेल्सला युरोक्लिअर ही रोख्यांची नोंद ठेवून देवाणघेवाण उरकणारी संस्था काढावी लागली. अमेरिकी आणि जपानी बँकांनी लंडनमध्ये कार्यालयं थाटली ती याच ओढीनं.

भारतात हे वारं बरंच उशिरा पोचलं. मे १९९२ मध्ये रिलायन्सनं परदेशात पंधरा कोटी डॉलर उभे केले आणि मराठी वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर ‘युरो इश्यू’ हा शब्द रुळला. नोंदणी कुठे? पुन्हा लक्झेंबर्ग. २०१६ मध्ये मुंबईच्या एच.डी.एफ.सी.नं लंडनमध्ये तीन हजार कोटींचे मसाला बाँड काढले. परदेशात विकलेले पण रुपयांतले रोखे, म्हणजे रुपया घसरला तर तोटा घेणाऱ्याचा. मे २०१७ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं तेवढ्याच रकमेचे रोखे लंडनच्या शेअरबाजारात नोंदवले आणि नागपूरचे नितीन गडकरी त्या वेळी लंडनला हजर होते. महामार्गासाठी परक्या देशात रोखे विकायचा प्रघात इटलीनं चौपन्न वर्षं आधी पाडला होता. गडकरींच्या वेळी पोलाद कंपनी रस्त्याआड लपवायची गरज नव्हती, एवढाच फरक.

आता फ्रेझर यांचा दुसरा अवतार.

१९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये कंपन्या गिळंकृत करण्याची लाट आली. वॉरबर्गच्या ॲल्युमिनियम लढाईनं जो रस्ता दाखवला होता, त्यावरून आता वाट्टेल ती गाडी सुटत होती. निवडक भागधारकांकडून चढ्या भावानं समभाग घ्यायचे आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचं. सरकार कायदा करेल या भीतीनं सिटीनं १९६८ मध्ये स्वतःच आचारसंहिता लिहिली आणि ती राबवायला ‘टेकओव्हर पॅनेल’ नेमलं. पहिल्याच वर्षी त्याची फजिती झाली. अमेरिकन टोबॅकोनं गॅलहर कंपनीचे समभाग अगदी याच पद्धतीनं उचलले, पॅनेलनं आक्षेप घेतला आणि सिटीतल्या नावाजलेल्या पेढ्यांनी तो धुडकावून लावला. कायद्याचं बळ नाही, दंडाची ताकद नाही, पूर्णवेळ माणूस नाही. मग १९६९ मध्ये न्युरेंबर्ग खटल्यात ब्रिटनची बाजू मांडणारे लॉर्ड शॉक्रॉस अध्यक्ष झाले आणि पूर्णवेळ महासंचालक म्हणून आले इयन फ्रेझर. चोराच्या वाटा चोराला ठाऊक असं कुणी म्हणालं असेल का? वॉरबर्गमधल्या माणसाला सिटीच्या सभ्यपणाची चौकी द्यायची, यात एक मिस्कील न्याय होताच.

काही महिन्यांतच त्यांच्यासमोर आला रॉबर्ट मॅक्सवेल.

हा योगायोग कादंबरीत लिहिला तर कुणी विश्वास ठेवणार नाही. मॅक्सवेलही १९२३चाच. चेकोस्लोव्हाकियातल्या दरिद्री ज्यू कुटुंबात जन्मलेला, ब्रिटिश सैन्यात शिरलेला, १९४५ मध्ये मिलिटरी क्रॉस मिळालेला आणि तोही युद्धानंतर जर्मनीतल्या घडामोडींतून वर आलेला. त्याच्या पर्गमॉन प्रेसनं शास्त्रीय नियतकालिकांवर अफाट पैसा केला. जून १९६९ मध्ये तिशीही न गाठलेल्या सॉल स्टाइनबर्ग यांच्या लीस्को या अमेरिकी कंपनीनं पर्गमॉनसाठी अडीच कोटी पौंडांची बोली लावली. समभाग घ्यायला सुरुवात केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नफ्याचे आकडे वाटतात तसे नाहीत. मॅक्सवेलच्या कुटुंबाच्या खाजगी कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांनी नफा फुगलेला दिसत होता. लीस्कोनं ऑगस्टमध्ये बोली मागे घेतली. पॅनेलपुढे सुनावणी झाली. एका बाजूला पदकवाला, टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही पदकवाला. पॅनेलनं मॅक्सवेलच्या वागणुकीवर ताशेरे ओढले आणि सरकारी चौकशीची मागणी केली. ऑक्टोबरमध्ये भागधारकांनी मॅक्सवेलला संचालक मंडळावरून घालवलं. १९७१ मध्ये सरकारी निरीक्षकांनी लिहून ठेवलं की शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीचा कारभार या माणसाच्या भरवशावर सोडता येणार नाही.

तरीही तो परत आला. पर्गमॉन त्यानं १९७४ मध्ये पुन्हा मिळवली, १९८४ मध्ये डेली मिरर घेतला. बँकांनी त्याला भरभरून कर्जं दिली. नोव्हेंबर १९९१ मध्ये तो समुद्रात मृतावस्थेत सापडला आणि मग उघड झालं की मिररच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीतले कोट्यवधी पौंड गायब आहेत. निरीक्षकांचं ते वाक्य वीस वर्षं सगळ्यांच्या कपाटात होतं. याचा दोष पॅनेलच्या माथी मारता येत नाही. बँकांना ते वाचायचंच नव्हतं.

फ्रेझर महासंचालक होते १९७२ पर्यंत. दरम्यान एक वेगळीच जबाबदारी अंगावर आली. फेब्रुवारी १९७१ मध्ये रोल्स-रॉइस बुडाली. लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी-२११ हे इंजिन ठरलेल्या भावात द्यायचं कबूल केलं होतं आणि ते तयार करण्याचा खर्च हाताबाहेर गेला. पंतप्रधान हीथ यांच्या सरकारनं विमान इंजिनांचा भाग ताब्यात घेतला. ज्या मोटारींच्या ताफ्यावर आपल्या संस्थानिकांनी खजिने उधळले, तो मोटारींचा भाग वेगळा काढून रोल्स-रॉइस मोटर्स ही कंपनी झाली आणि तिचे अध्यक्ष झाले फ्रेझर. १९७३ मध्ये ती शेअरबाजारात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस तेलाचा भाव भडकला. पेट्रोल ढोसणारी, हातानं जुळवलेली, लाकूड-कातड्याची मोटार विकायला याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. तरी डेव्हिड प्लास्टो यांच्या व्यवस्थापनाखाली कंपनी तगली. १९७५ मध्ये तिनं इटलीच्या पिनिनफारिनाकडून रेखाटून घेतलेली कामार्ग ही मोटार काढली, आणि १९८० मध्ये ती व्हिकर्स कंपनीत विलीन झाली.

त्याच वर्षी फ्रेझर लाझार ब्रदर्स या लंडनच्या जुन्या मर्चंट बँकेचे अध्यक्ष झाले. ते पद १९८५ पर्यंत होतं. पुढे ‘सर’ ही उपाधीही मिळाली. वॉरबर्गची पेढी मात्र १९९५ मध्ये स्विस बँक कॉर्पोरेशननं विकत घेतली. एकेकाळी सिटीनं उपरी म्हणून हिणवलेली ही पेढी परक्यांच्या हाती गेली तेव्हा हळहळणाऱ्यांत तीच सिटी आघाडीवर होती. १९९९ मध्ये फ्रेझर यांचं आत्मचरित्र आलं. कर, शिक्के, परवाने आणि कुपनं यांच्यातून तो पहिला कर्जरोखा कसा बाहेर पडला, याची बारीकसारीक हकिगत आज आपल्याला कळते ती बव्हंशी त्या पुस्तकामुळे. बातमीदार शेवटपर्यंत शाबूत होता.

२००३ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी ज्याच्या पायात बळ आणलं ते टेकओव्हर पॅनेल तोवर कायद्याच्या आधाराशिवायच चालत होतं. मुंबईत सेबीनं १९९४ मध्ये आणि नंतर न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९९७ मध्ये कंपन्या ताब्यात घेण्याचे नियम केले, ते सुरुवातीपासून कायद्याच्या चौकटीत. लंडनच्या पॅनेलला कायद्याचा आधार मिळायला २००६चा कंपनी कायदा यावा लागला.